भुईमुगाचा केवडा आणि लोखंडाचे नॅनो कण



गेल्या आठवड्यात एक भाऊ भुईमुगाचे पिवळे पडलेले झाड मुळासकट घेऊन आले. सोबत ‘नॅनो लोहा’च्या बाटलीचा छापील कागद. “साहेब, उधारीवर मिळते आहे. घेऊ का?” एवढाच त्यांचा प्रश्न. उत्तर सर्वांच्याच उपयोगाचे आहे.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारण १ ते १०० नॅनोमीटरचा कण तो नॅनो कण. लोहाचे असे कण निसर्गात मुबलक आहेत. कोकणातल्या तांबड्या मातीत ते आहेत, आणि पाझराच्या पाण्यात साचणाऱ्या तांबूस गाळातही आहेत. प्रयोगशाळेत लोहाच्या क्षारांच्या द्रावणात अल्कली मिसळून काळ्या मॅग्नेटाइटचे कण बनवतात. धातुरूप लोखंडाचे कण अमेरिकेत जमिनीखालचे दूषित पाणी स्वच्छ करण्यासाठी वापरले गेले आहेत. दवाखान्यात रक्त कमी असलेल्या गरोदर बायांना आयर्न सुक्रोजचे इंजेक्शन देतात, तेही साखरेच्या वेष्टणातले लोहाचे नॅनो कणच.

आता पिकाचे पाहू. या झाडाची शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या होत्या. हा लोहाच्या कमतरतेचा केवडा. नत्र कमी पडले तर आधी खालची जुनी पाने पिवळी पडतात. नोकरीच्या सुरुवातीला मीच हा फरक न पाहता एकाला युरिया सांगितला होता. त्यांचे पैसे गेले आणि केवडा तसाच राहिला. ती चूक मी विसरलेलो नाही.

चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण ते अडकून बसते, मुळांना लागत नाही. पाणी साचले की केवडा वाढतो. म्हणून आधी निचरा करा. मग १० लिटर पाण्यात १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि ५० ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवून ऊन उतरल्यावर फवारा. गरज पडल्यास ८-१० दिवसांनी पुन्हा फवारा.

द्रावण ताजेच वापरा. ठेवून दिले तर ते तांबडे होऊन गाळ बसतो. हा गाळसुद्धा लोहाच्या अतिबारीक कणांचाच, पण पानाला तो लागू पडत नाही. कण बारीक आहे म्हणून पीक तो घेईलच, असे नाही.

म्हणून बाटली घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: लोह किती टक्के आहे, तुमच्या पिकासाठी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे का, आणि पक्के बिल मिळेल का. उत्तर मिळाले नाही, तर घेऊ नका.

त्या भावांना मी सांगितले, आधी चारच ओळींवर हिराकस फवारा. नवी पाने हिरवी निघाली तर रोग ओळखला म्हणायचा. मग बाकीच्या रानाला हात घाला. उधारी करायची वेळ येणार नाही.