आजाराचे नाव घेऊया

दरवर्षी १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाची पत्रके वाटली जातात. या साथीत गेलेल्या माणसांविषयी मात्र आपण गप्प असतो.

आमचे ओझर मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले. विमान कारखान्यामुळे गाव देशाला ठाऊक झाले. आमच्यापैकी अनेकांची रोजीरोटी मात्र ट्रकवर चालली. नव्वदच्या दशकात ट्रक चालवणारा माझा एक जिवलग दोस्त एड्सने गेला. मय्यतीला गुस्ल द्यायला माणसे पुढे येईनात. अखेर लहानपणीच्या दोघा दोस्तांनी हातमोजे घालून ते केले. 'टीबीने गेला' असेच लोकांना सांगण्यात आले.

त्याच सुमारास गोव्यात वेगळे उदाहरण घडले. १९८९ मध्ये रक्तदानातून एचआयव्हीची लागण उघड झाल्यावर डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी नेले आणि म्हापशातील जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवले. आई लुसी उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने सक्तीने वेगळे ठेवण्याचे ते कलम वैध ठरवले, तरी मित्र मागे हटले नाहीत. १९९२ मध्ये डॉमिनिक गेला. त्याने इझाबेल द सांता रिता वाझ या मैत्रिणीसोबत उभारलेली 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सोबत्यांनी पुढे चालवली. त्यांनी मित्राची आठवण कामातून जपली.

आज परिस्थिती बदलली आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे मिळू लागली. नियमित औषध घेणारा माणूस दीर्घकाळ कामधंदा करू शकतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, उपचार, घर यांबाबत भेदभाव करायला त्याने मनाई केली. संमतीशिवाय कुणाची लागण उघड करता येत नाही. तरीही बदनामीच्या धाकाने माणसे तपासणी टाळतात आणि उशिरा दवाखान्यात पोहोचतात.

गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, तर लाज ही समाजाने लादलेली शिक्षा. दोहोंची गल्लत नको. म्हणून दोस्ताचे नाव मी इथे लिहीत नाही, आजाराचे लिहितो.

जुम्याच्या बयानात, महिला मंडळात, ट्रकचालकांच्या बैठकीत हा विषय निघायला हवा. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही. हातमोजे आणि नेहमीची काळजी घेऊन गुस्ल देता येते. एवढे प्रत्येक मोहल्ल्यात पोहोचले तरी पुढचा कुणी दोस्त एकटा पडणार नाही.