सणाचे श्रोते

दिवाळी आठवड्यावर आली की ‘सुट्टीत मुंबईत काय कराल?’ अशा मथळ्याच्या याद्या सर्वत्र झळकू लागतात. शिवाजी पार्कची रोषणाई पाहा, माहीमच्या कंदील गल्लीतून फिरा, दादरला खरेदी करा, एखाद्या नाट्यगृहात दिवाळी पहाट ऐका, तयार फराळ घरी आणा. आम्ही पडलो मराठी शिकवणारी माणसे. त्यामुळे आमचे लक्ष आधी या याद्यांतील क्रियापदांकडे गेले. पाहा, ऐका, फिरा, आणा, खा. ‘करा’ आलेच तर ते खरेदीच्या पाठोपाठ येते. लिहा, गा, बांधा, रचा ही क्रियापदे तेथे औषधालाही सापडत नाहीत. मराठीत सण ‘करतात’. महानगरात मात्र आता सणाला हजेरी लावतात.

याचे खापर बाजारावर फोडणे सोपे आहे आणि ते काम आम्ही प्राध्यापक मंडळी वर्गात व परिसंवादांत वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. आमचा आजचा वाद बाजाराशी नाही. तो आमच्याच वर्गाशी, म्हणजे स्वतःला अभिरुचिसंपन्न म्हणवणाऱ्या, मराठी साहित्य शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या मध्यमवर्गाशी आहे. आणि वादाचा विषय आहे या वर्गाचे लाडके अपत्य : दिवाळी पहाट.

नरकचतुर्दशीची पहाट. रस्ता झाडणारी बाई आदल्या रात्रीच्या फटाक्यांचा कचरा गोळा करीत असते आणि तिच्या बाजूने आम्ही रेशमी वस्त्रांत, अत्तराच्या घमघमाटात नाट्यगृहाकडे निघालेलो असतो. मंचामागे प्रायोजकाचा भव्य फलक. भूपाळीने आरंभ, मग नाट्यगीते, भावगीते, अभंग आणि शेवटी भैरवी. दोन गाण्यांच्या मधल्या जागेत निवेदकाचे अलंकृत गहिवर. गाण्याचा पहिला शब्द उच्चारला जाताच टाळ्या पडतात. या टाळ्या कशासाठी असतात? गायकाने अद्याप काहीच गायिलेले नसते. आपल्याला गाणे ओळखता आले, एवढ्यासाठीच त्या असतात. श्रोता स्वतःच्या स्मरणशक्तीला दाद देतो आणि त्याला आस्वाद असे नाव देतो.

जुन्या गाण्यांवर आमचा राग नाही. ती गाणी जुनी कशी झाली, याचा विसर पडला आहे यावर आमचा आक्षेप आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातले प्रत्येक पद नवे होते. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांत जितेंद्र अभिषेकींनी दिलेल्या चाली त्या काळच्या कानांना अपरिचित होत्या. १९५५च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे नवे गीत आठवड्यागणिक ऐकू येत होते. पुढच्या आठवड्यात काय येणार हे घरोघरीच्या श्रोत्यांना ठाऊक नव्हते. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीने नव्याची वाट पाहिली. आम्ही त्यांच्या त्या नव्याची उजळणी करतो आणि परंपरा जपल्याचे समाधान घेऊन इडली-चहाच्या रांगेत उभे राहतो.

विशेष म्हणजे दिवाळी आणि नवनिर्मिती यांची सांगड मराठीनेच घातली आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि एका नव्या प्रथेला जन्म दिला. सणाच्या दिवशी फराळाच्या ताटाशेजारी आजवर कोणी न वाचलेले साहित्य ठेवायचे, ही ती प्रथा. शतकभराहून अधिक काळ कथा, कविता, दीर्घ लेख आणि व्यंगचित्रे या अंकांतून प्रथम वाचकांसमोर येत आली. आज त्यांची स्थिती काय आहे? वाचनालये दिवाळी अंकांच्या योजना चालवतात; त्यांच्या सभासदांत साहित्याचे किती विद्यार्थी आणि किती प्राध्यापक असतात, हे ज्याने त्याने आपल्या विभागात विचारून पाहावे. सुट्टीनंतर वर्ग भरतात तेव्हा नेमलेल्या पुस्तकाचे उरलेले प्रकरण पुढे चालू होते. ‘यंदा कोणत्या अंकात काय वाचले?’ हा प्रश्न आम्ही विचारत नाही, कारण विद्यार्थ्याने तो उलटून विचारला तर पंचाईत आमचीच व्हायची.

आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरच्या डोंबिवलीत नरकचतुर्दशीच्या सकाळी फडके रोडवर तरुणाई लोटते. गणेश मंदिरात दर्शन घ्यायचे, मित्रमैत्रिणींना भेटायचे, नटूनथटून रस्ताभर हिंडायचे. मुळात याला ना निमंत्रणपत्रिका, ना प्रवेशिका, ना निवेदक. अलीकडे तेथेही मंच आणि ध्वनिक्षेपक शिरले आहेत, हे खरेच; पण गर्दी त्यांच्यामुळे जमू लागली नाही. आमच्या वर्तुळात या मुलामुलींविषयी ‘नुसता देखावा’ असे नाक मुरडून बोलले जाते. पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसणे ही संस्कृती, आणि नऊवारी नेसून रस्त्यावर उभे राहणे हा देखावा! ही मुले निदान स्वतःच्या सणाची पात्रे आहेत. आम्ही प्रेक्षक आहोत, आणि तेही पुनर्प्रसारणाचे.

चाळींच्या आणि सोसायट्यांच्या अंगणात माती कालवून किल्ला करणारी पोरेही याच जातीची. त्यांचा बुरूज वाकडा असतो, पायऱ्या ढासळतात, मावळ्यापेक्षा सिंह लहान निघतो. पण तो किल्ला गेल्या वर्षी नव्हता.

यावर दोन आक्षेप येतील. ज्येष्ठांना या मैफलींतून निखळ आनंद मिळतो आणि कलावंतांना बिदागी मिळते. दोन्ही मान्य. ज्येष्ठांच्या आनंदाला आम्ही हात लावू इच्छित नाही. मात्र चाळिशीतल्या प्राध्यापकाने त्यांच्या स्मरणरंजनाची उसनवारी करावी, हे लाजिरवाणे आहे. आणि कलावंताला केवळ दुसऱ्याच्या आवाजाची हुबेहूब आठवण करून देण्यासाठी बिदागी देणे हा त्याचा गौरव म्हणता येईल का? त्याच्याकडे स्वतःची चाल असेल, आजच्या कवीची कविता त्याने बांधलीही असेल. पण ती ऐकवायला त्याला आमच्या मंचावर पाच मिनिटेही मिळत नाहीत.

म्हणून आमच्या मागण्या अगदी साध्या आहेत. प्रत्येक दिवाळी पहाटेत किमान एक नवी रचना असावी, तिच्या कवीचे नाव मंचावरून घेतले जावे, आणि ती फसली तरी चालेल. प्रत्येक मराठी विभागाने सुट्टीआधी वर्गणी काढून पाच-सहा दिवाळी अंक घ्यावेत आणि सुट्टीनंतरचा पहिला तास त्यांच्यावर घालवावा. त्या तासाला प्राध्यापकांनी व्याख्यान देऊ नये. विद्यार्थ्यांनी वाचलेले सांगावे, न आवडलेले निर्भीडपणे सांगावे, आणि जमल्यास एखाद्या अपरिचित लेखकाला पत्र लिहावे. लेखकाला पहिले पत्र कोणाचे आले हे तो विसरत नसावा.

असो. या लेखानंतर पहाटेची सन्मानिका आम्हाला येणार नाही, याची मानसिक तयारी आम्ही केली आहे. त्या सकाळी आम्ही फडके रोडवर असू. आणि आमच्या पिशवीत ज्यांची नावे आम्ही पूर्वी कधी ऐकली नाहीत, अशा लेखकांचे निदान दोन अंक असतील. भेटलात तर त्यांतला एक घेऊन जा, वाचून परत करा आणि भांडायला या.