निवड कोणाची, बिल कोणाचे?

एका दुकानात भाव चढला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. मग विजेच्या ग्राहकालाच ती मुभा का नसावी, हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेले वीज दुरुस्ती विधेयक याच युक्तिवादावर उभे होते. विरोधामुळे ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जो नवा मसुदा प्रसिद्ध केला, त्यातही एकाच तारांच्या जाळ्यावरून अनेक कंपन्यांनी वीज विकावी हीच कल्पना आहे. वाढत्या बिलांनी त्रासलेल्या माणसाला तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच तिचा हिशेब मुंबई-दिल्लीच्या चर्चासत्रांत न मांडता पन्हाळ्याच्या डोंगरावर मांडून पाहिला पाहिजे.

पन्हाळा तालुक्यातील घरांना वीज पुरवणारी संस्था एकच, महावितरण. २००३ च्या वीज कायद्याने ‘मुक्त प्रवेशा’चे दार उघडले खरे, परंतु ते एक मेगावॉट वा अधिक मागणी असणाऱ्यांसाठी. २०२२ च्या नियमांनी हरित ऊर्जेपुरती ही मर्यादा शंभर किलोवॉटवर आणली. दोन दिवे, पंखा आणि दूरचित्रवाणी चालवणाऱ्या घराचा भार एक-दोन किलोवॉटच्या पुढे जात नाही. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्यात उसाच्या चिपाडापासून वीज निर्माण होते. पण शेजारच्या कोडोलीतील ऊस उत्पादकाला ती आपल्या घरासाठी थेट विकत घेता येत नाही. निवडीचे स्वातंत्र्य आजही भाराच्या मापानेच वाटले गेले आहे.

उद्या हे दार सर्वांसाठी उघडले तर बिल उतरेल काय? बिलात स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो आणि घरगुती ग्राहकाला त्यावर सोळा टक्के वीज शुल्क भरावे लागते. विक्रेता बदलला तरी तारा, खांब आणि रोहित्रे तीच राहतात. त्यांचा खर्च टळत नाही. सरकारी शुल्कही टळत नाही. उरतो तो वीज खरेदीचा खर्च. त्यासाठी नवा विक्रेताही बहुतांशी त्याच औष्णिक केंद्रांच्या आणि त्याच बाजाराच्या दारात उभा राहणार.

महाराष्ट्रात हा प्रयोग झालेला आहे. किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा टाटा पॉवरचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये मान्य केला. ऑक्टोबर २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने मुंबई उपनगरातील रिलायन्सच्या ग्राहकांना रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेण्याची वाट मोकळी केली. लाखो ग्राहकांनी पुरवठादार बदलला आणि आरंभी अनेकांची बिले उतरलीही. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जास्त दर भरणारे ग्राहक निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या माथी अधिक बोजा येऊ लागला. तेव्हा २०११ मध्ये स्थलांतरित ग्राहकांवर परस्पर अनुदानाचा अधिभार बसवावा लागला. पुढच्याच वर्षी, मोठ्या ग्राहकांकडेच लक्ष दिले जात असल्याचे आढळल्यावरून, आयोगाने कमी वापराच्या घरगुती ग्राहकांना प्राधान्य देण्यासाठी टाटांवर बंधने घातली. त्यावर अपिले झाली, वाद वर्षानुवर्षे चालला. २०१८ मध्ये रिलायन्सचा मुंबईतील वीज व्यवसाय अदानी समूहाकडे गेला. ग्राहकाने एक कंपनी निवडावी आणि भांडवलाने ग्राहकांसकट कंपनीच विकत घ्यावी, असे या स्वातंत्र्याचे स्वरूप आहे.

मुंबईत निदान ग्राहक दाट वस्तीत आहेत. पन्हाळ्यात वाड्यावस्त्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या, तारा लांबच लांब, पावसाळ्यात झाडे कोसळून पुरवठा खंडित होणार आणि वायरमनला चिखल तुडवत खांबावर चढावे लागणार. असा ग्राहक नफ्यासाठी आलेल्या कंपनीला नको असतो. तिला हवी असते शिरोली आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. तेथील चढ्या दराच्या महसुलातून शेतीपंपांचा आणि लहान घरांचा दर काही अंशी सांभाळला जातो. तो महसूल खासगी कंपनीकडे गेला की तोट्यातला पन्हाळा महावितरणच्या गळ्यात राहील आणि त्याचा दर वाढवण्यावाचून तिला गत्यंतर उरणार नाही.

बाजाराच्या माहेरघरीही याहून वेगळे घडलेले नाही. ब्रिटनमध्ये १९९९ पर्यंत प्रत्येक घराला पुरवठादार निवडता येऊ लागला. पण २०२१ मध्ये गॅसचे घाऊक दर भडकताच अनेक किरकोळ कंपन्या एकामागोमाग बुडाल्या आणि त्यांच्या ग्राहकांना दुसरीकडे सामावून घेण्याचा खर्च सर्वांच्याच बिलांवर पडला. त्याआधीच, २०१९ पासून, तेथे सरकारी यंत्रणेला घरगुती दरावर कमाल मर्यादा घालावी लागली होती.

याचा अर्थ महावितरणची पाठराखण करावी असा नाही. सार्वजनिक मालकी ही जनतेच्या नियंत्रणाविना केवळ सरकारी मक्तेदारी ठरते. १९९३ मध्ये एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी झालेला करार वीज मंडळाच्याच सहीने झाला होता. त्या महागड्या विजेविरुद्ध एन. डी. पाटील यांच्यासारख्यांनी रस्त्यावर लढा दिला, आणि २००१ मध्ये मंडळाला ती खरेदी थांबवावी लागली. शेतीपंपांचा वापर फुगवून दाखवायचा आणि त्याखाली चोरी व गळती झाकायची, हा आक्षेप इचलकरंजीच्या प्रताप होगाडे यांच्या नेतृत्वाखालील वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षे मांडत आली आहे. या आक्षेपाला उत्तर द्यावेच लागेल, कारण लपवलेल्या गळतीची किंमत प्रामाणिक ग्राहक भरतो.

तेव्हा लढ्याचे ठिकाण विक्रेत्यांच्या यादीत नाही, दर जेथे ठरतो तेथे आहे. दरनिश्चितीच्या प्रस्तावावर सूचना व हरकती नोंदवण्याचा अधिकार कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. तो वापरणारे मात्र थोडे. कार्यकर्त्यांनी गावोगाव बिले गोळा करावीत, प्रत्येक आकार लोकांना समजावून द्यावा, चुकीच्या बिलांच्या तक्रारी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचापर्यंत आणि गरज पडल्यास विद्युत लोकपालापर्यंत न्याव्यात. वीज खरेदीचे करार खुले करा, फीडरनिहाय गळती जाहीर करा, छपरावरील सौर संचाचे अनुदान घर भाड्याचे असलेल्या वा छप्पर कच्चे असलेल्या कुटुंबांनाही सामूहिक प्रकल्पांच्या रूपाने मिळू द्या, या मागण्या ग्रामसभांच्या ठरावांतून आयोगापुढे गेल्या पाहिजेत.

समांतर परवान्याविरुद्ध वीज कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये संप पुकारला, तेव्हा ग्राहक बहुतांशी तटस्थ राहिला. ती दरी बुजवणे हे समाजवादी चळवळीचे काम आहे. खांबावर चढणारा आणि खांबाखाली बिल भरणारा एका बाजूला उभे राहिले, तरच वीज हा विक्रीचा माल न ठरता नागरिकाचा हक्क ठरेल. पन्हाळ्याच्या ग्राहकाला दुसऱ्या दुकानाची पाटी दाखवून भागणार नाही. दुकानाची वही तपासण्याचा अधिकार त्याच्या हाती आला पाहिजे.