छातीत ढोल कोण वाजवतंय?

मुलांनो, बारी गावातून कळसूबाई चढायला लागा. पहिली लोखंडी शिडी येईपर्यंत छातीत ढोल वाजायला लागतो की नाही? आपल्या अकोले तालुक्यातलं हे शिखर १६४६ मीटर उंच, अख्ख्या महाराष्ट्रात सर्वांत उंच. तिथं धडधडलं नाही तरच नवल! पायांचे स्नायू जास्त प्राणवायू मागतात, म्हणून हृदय भराभर रक्त पाठवतं. जरा टेकलात, पाणी प्यालात, की ढोल शांत.

पण सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय, ते निराळं आहे. तिचं नाव-गाव सांगत नाही. ती लिहिते की एक जिना चढला तरी धडधडतं, कधीकधी तर नुसतं बसल्यावरही. घरी सांगितलं तर खो-खो बंद होईल, म्हणून तिनं कुणालाच सांगितलेलं नाही.

अगं, पत्रावरून निदान करता येत नाही. ते डॉक्टरच करणार. पण तोवर एक काम कर. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेव आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोज. (अंगठ्यानं मोजू नको, त्याला स्वतःची नाडी असते!) तुमच्या वयाला शांत बसल्यावर साधारण ७० ते १०० ठोके पडतात. धडधडेल तेव्हा किती पडतात, किती वेळ टिकतं, एकदम सुरू होतं की हळूहळू, हे वहीत लिही. डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते.

आता कारणं बघू. मुलींमध्ये फार वेळा आढळणारं एक कारण म्हणजे रक्त कमी असणं. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्याला उसाच्या खेपा ठाऊक आहेत. समजा, ट्रॉल्या अर्ध्याच भरल्या, पण कारखान्याला ऊस तेवढाच हवा. मग काय होईल? खेपा दुप्पट! रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायूची ट्रॉली. ते कमी पडलं की हृदयाला खेपा वाढवाव्या लागतात. सोबत थकवा येतो, चक्कर येते, डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकी दिसते.

ते कमी का होतं? जेवणात लोह कमी, पोटात जंत, किंवा मासिक पाळीत जास्त रक्त जाणं. शाळेत सहावीपासून आठवड्याला एक निळी गोळी मिळते ना, ती लोहाचीच. आणि किती जण ती खिडकीतून बाहेर टाकतात, तेही आम्हा शिक्षकांना दिसतं बरं का! जेवण झाल्यावर ती घ्या. शी काळी झाली तर घाबरू नका, लोहामुळे तसं होतं. जेवणाला लागून चहा मात्र नको, तो लोह अंगी लागू देत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा.

ताप आला, उन्हात पाणी कमी पडलं, तरी नाडी पळते. भीतीनंही पळते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या ॲड्रेनलिन सोडतात आणि परीक्षेचा पेपर हातात येण्याआधीच ठोके वाढतात. चहा-कॉफीतल्या कॅफिननंही तेच होतं. ते ‘एनर्जी’वाले डबे तर मुलांसाठी नाहीतच. डब्यावर तसं छापलेलंच असतं, वाचून बघा.

लाल विंचू चावला तर विषामुळे शरीर असलीच द्रव्यं भसाभस सोडतं आणि हृदयावर भलताच ताण येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या अशा रुग्णांसाठी आयुष्य वेचलं. प्राझोसिन नावाचं औषध यावर चालतं, हे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू चावला की मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात जायचं.

घसा दुखून ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजले, तर तेही अंगावर काढू नका. त्यातून हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. काही मुलांच्या हृदयात तर जन्मतःच एक जादा ‘वायर’ असते. मग बसल्या जागी एकदम १८०च्या वर ठोके आणि तसंच एकदम बंद! यावर चांगले उपचार आहेत. पण धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला, किंवा खेळताना कुणी बेशुद्ध पडलं, तर थांबायचं नाही. मोठ्यांना हाक मारा आणि १०८ला फोन करा.

तर मैत्रिणी, आजच आईला सांग. शाळेत मुलांना तपासायला डॉक्टरांचं पथक येतं ना? २०१३ साली पालघरहून देशभर सुरू झालेला हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. पण त्याची वाट पाहत बसू नको, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथं बोटातून किंवा हातातून थोडंसं रक्त घेतील. गरज वाटली तर ईसीजी काढायला पाठवतील. छातीला, हातापायांना तारा लावतात आणि पाच-दहा मिनिटांत कागदावर नक्षी उमटते. दुखत अजिबात नाही. आणि खो-खोचं म्हणशील, तर तो प्रश्न डॉक्टरांना तूच विचार. रक्त कमी निघालं, तर औषधानं ते भरून येतं आणि पाटीवर पुन्हा बसता येतं.