‘आक्ता’ : केलेले आणि योजलेले

सीझरच्या ‘आक्ता’ला मराठीत सर्रास ‘निर्णय’ म्हटले जाते. ते योग्य नव्हे. ‘आगेरे’ म्हणजे करणे. त्याच्या कर्मणी भूतकालवाचक धातुसाधिताचे नपुंसकलिंगी अनेकवचन नाम म्हणून वापरले की ‘आक्ता’, म्हणजे केली गेलेली कृत्ये. (आपले ‘सुकृत’ही असेच नाम झालेले धातुसाधित. दोहोंतील ‘त’ एकाच मूळ प्रत्ययाचा.)

इ.स.पू. ४४ मध्ये १५ मार्चला सीझरची हत्या झाली. दोनच दिवसांनी सिनेटने मारेकऱ्यांना अभय दिले आणि सीझरची आक्ता कायम ठेवली. सीझरची कागदपत्रे अँटनीच्या हाती होती. तो त्यांतून एकेक टिपण बाहेर काढू लागला: सिसिलीकरांना नागरिकत्व, हद्दपारांना परतीची मुभा. तीही म्हणे आक्ताच! काशाच्या पत्र्यावर कोरलेले कायदे मोडायचे आणि चिठ्ठ्याचपाट्या तेवढ्या पाळायच्या, यावर सिसेरोने २ सप्टेंबरच्या भाषणात कोरडे ओढले. सिसेरो निरपेक्ष नव्हता, मार्चमधील तडजोडीला त्याचाही पाठिंबा होता. पण व्याकरण त्याच्या बाजूने होते. ‘निर्णय’ म्हटले की चिठ्ठीतला बेतही त्यात सामावतो आणि अँटनीचा दावा वाचकाला रास्त वाटू लागतो.