नदीची वही: गळाच्या धंद्यातलं खरं भांडवल



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांसाठी छोटा व्यवसाय कसा सुरू करायचा ते पाहिलं. गळ, रीळ, आमिष विकायचं, नदीकाठी राहण्या-जेवणाची सोय करायची, किंवा वाटाड्या म्हणून सोबत जायचं. एक मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे: नोंदी.

आज काय होतं? मासा लागला की फोटो टाकतात, वाहवा होते, विषय संपतो. महिन्याने कुणी विचारलं, "नीरेवर सध्या कसं आहे?" तर कुणालाच सांगता येत नाही. फोटो ढीगभर आहेत, माहिती मात्र नाही.

म्हणून नोंदी आधी नदीप्रमाणे लावा, मग पट्ट्याप्रमाणे (अमुक पूल ते तमुक बंधारा), आणि शेवटी तारखेप्रमाणे. कारण गिऱ्हाइकाचा प्रश्न नदीपासून सुरू होतो, तारखेपासून नाही.

प्रत्येक नोंदीत एवढं हवंच: वेळ, पाणी चढतं की उतरतं, गढूळ की निवळ, आमिष कुठलं, किती तास बसलो, काय लागलं, सोडलं की ठेवलं. धरणाखालच्या पट्ट्यात विसर्गाचा आकडाही लिहा. तो क्युसेकमध्ये जाहीर होतो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. विसर्ग वाढला की मासेमारी तर बदलतेच, पण काठावर बसलेल्या माणसाच्या जिवालाही धोका असतो.

तास का लिहायचे? एकाला २ तासांत ३ मासे लागले, दुसऱ्याला ९ तासांत ३. मासे सारखेच, पण पहिल्याला ताशी दीड पडला आणि दुसऱ्याला तीन तासांना एक. तास लिहिले नाहीत तर दोन्ही दिवस सारखेच दिसतात.

आता माझं ठाम मत. रिकामा दिवससुद्धा लिहा. "सर, असं लिहिलं तर गिऱ्हाईक येईल का?" ही भीती मला कळते. पण विचार करा, माणूस रजा काढतो, पेट्रोल घालतो, पोराला सोबत घेऊन येतो. खोट्या भरवशावर तो एकदाच येईल. "या आठवड्यात पाणी गढूळ आहे, पुढच्या आठवड्यात या" असं सांगणाऱ्याकडे तो दहा वेळा येईल. आजचं एक बुकिंग गेलं तर जाऊ द्या.

दुसरं मत: नेमका डोह जाहीर करू नका. लोकांना पट्टा सांगा, डोह आपल्या वहीत ठेवा. उन्हाळ्यात पाणी आटलं की मोठे मासे खोल डोहात गोळा होतात. तिथे गर्दी लोटली तर एका हंगामात डोह रिकामा होईल, आणि मग तुमचा धंदाही. काही जण म्हणतील, ही लपवाछपवी झाली. मला तसं वाटत नाही. निकाल लपवणं म्हणजे फसवणूक, पत्ता न देणं म्हणजे राखण. खडस, म्हणजे आपला महसीर, पावसाळ्यात अंडी घालतो. त्या दिवसांत त्याच्यासाठी सहली काढूच नका.

कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या खडसाचं वर्णन आहे. आज शहरातली मुळा-मुठा कशी आहे, ते सांगायला नको. पण नोंद होती, म्हणून आपण काय गमावलं ते तरी कळतं. तुमची वहीसुद्धा उद्या असंच काम करेल.

एक व्यवहाराची गोष्ट: बऱ्याच जलाशयांत मासेमारीचा ठेका स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो, आणि अभयारण्यात वनविभागाचे नियम लागतात. आधी परवानगी, मग गळ.

गृहपाठ सोपा आहे. वीस रुपयांची वही घ्या, एक नदी आणि एकच पट्टा निवडा, आणि सलग तीन महिने प्रत्येक फेरी लिहा, रिकाम्या हातांनी परतलात तरी. तीन महिन्यांनी "कधी येऊ?" असा फोन आला, की उत्तर अंदाजाने द्यायचं नाही. वही उघडायची आणि सांगायचं.