ट्रम्प प्लाझा: ३९ मजली कॅसिनो काही सेकंदांत पडला, पण बुडाला कसा?

१७ फेब्रुवारी २०२१. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं अटलांटिक सिटी. सकाळी स्फोटांचा आवाज झाला आणि शहराच्या मध्यावर, समुद्रकिनारी उभं असलेलं 'ट्रम्प प्लाझा' हे कॅसिनो हॉटेल काही सेकंदांत जमीनदोस्त झालं.

इमारत तेव्हा पडली, पण कॅसिनो २०१४ मध्येच बंद झाला होता. असं का झालं?

शहरात कॅसिनो आले कसे?

अटलांटिक सिटी हे जुनं पर्यटनस्थळ. विमानप्रवास आवाक्यात आल्यावर पर्यटक दुसरीकडे वळले. शहर सावरावं म्हणून १९७६ साली सार्वमतानं कॅसिनोंना मंजुरी मिळाली आणि १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. तोवर नेवाडा सोडलं तर अमेरिकेच्या कोणत्याच राज्यात कायदेशीर कॅसिनो नव्हते.

ट्रम्प प्लाझा १९८४ मध्ये सुरू झाला. १९८८ मध्ये शेजारच्या सभागृहात माईक टायसननं मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत लोळवलं. तो या कॅसिनोच्या भरभराटीचा काळ होता.

मग बिनसलं कुठे?

१९९० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी याच शहरात 'ताजमहाल' नावाचा अवाढव्य कॅसिनो उघडला. म्हणजे प्लाझाला घरातूनच स्पर्धा. १९९२ मध्ये प्लाझानं दिवाळखोरीचा अर्ज केला.

खरा फटका बाहेरून बसला. २००६ पासून शेजारच्या पेनसिल्व्हेनियात कॅसिनो सुरू झाले. घराजवळ सोय झाल्यावर फिलाडेल्फियाचे लोक अटलांटिक सिटीपर्यंत कशाला येतील? शहरातल्या कॅसिनोंची वार्षिक कमाई २००६ मध्ये पाच अब्ज डॉलरच्या वर होती. २०१४ पर्यंत ती जवळपास निम्म्यावर आली. त्या एका वर्षात १२ पैकी ४ कॅसिनो बंद पडले.

ट्रम्प २००९ मध्येच कारभारातून बाहेर पडले होते. इमारतीवर त्यांचं नाव मात्र होतं. ते काढावं म्हणून २०१४ मध्ये ते कोर्टात गेले.

किंमत कुणी मोजली?

त्या वर्षी सुमारे आठ हजार जणांच्या नोकऱ्या गेल्या. कॅसिनोंच्या मालमत्तेचं मूल्य घसरल्यानं शहराचा कर आटला. २०१६ मध्ये राज्य सरकारला शहराचा कारभार हातात घ्यावा लागला.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी यात काय आहे?

योगायोग असा की, महाराष्ट्रानंही १९७६ मध्येच कॅसिनो कायदा केला. तो कधीच लागू झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. गोव्यात मात्र मांडवीत कॅसिनोंची जहाजं उभी आहेत आणि महाराष्ट्रातूनही लोक तिथे जातात.

कॅसिनोचा महसूल बराचसा शेजाऱ्याच्या बंदीवर उभा असतो. ही बंदी उठवायची की नाही, हे शेजारी ठरवतो. अटलांटिक सिटीला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.